गाडी ॲरिझोनात, कागद ओहायोत

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या पश्चिम कडेला, आय-१० महामार्गालगत, क्वार्ट्झसाइट नावाचं गाव आहे. २०२०च्या जनगणनेत इथली वस्ती अडीच हजारही भरली नाही. पण थंडी सुरू झाली की गावाभोवतीच्या वाळवंटात चाकांवरची घरं येऊन उभी राहू लागतात, आणि जानेवारीत मोठं आरव्ही प्रदर्शन भरतं तेव्हा मूळचे गावकरी त्या गर्दीत शोधावे लागतात. आरव्ही म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल: स्वतःचं इंजिन असलेलं बसएवढं मोटरहोम, व्हॅनमध्ये बसवलेलं छोटेखानी घर, किंवा पिकअप ट्रकमागे ओढायचा ट्रेलर. आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, संडास-बाथरूम, आणि तळाशी स्वच्छ पाण्याच्या व सांडपाण्याच्या टाक्या. केंद्र सरकारच्या जमीन-व्यवस्थापन खात्याने १९८३पासून इथे दीर्घ मुक्कामाची सोय केली आहे. परवाना काढला की १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात तिथे राहता येतं. ओहायो, मिशिगन, मिनेसोटा अशा बर्फाच्या राज्यांतले निवृत्त लोक हिवाळाभर इथे, नाहीतर फ्लोरिडात किंवा टेक्सासच्या दक्षिण टोकाला तळ ठोकतात. तिकडे त्यांना ‘स्नोबर्ड’ म्हणतात. अमेरिकेतली मराठी कुटुंबंही उन्हाळ्याच्या सुटीत यलोस्टोनला जाताना अशी गाडी भाड्याने घेतात, तेव्हा हे प्रकरण आपल्याला अगदीच अनोळखी नाही.

मार्च-एप्रिलमध्ये ऊन तापू लागलं की हे पक्षी उत्तरेला परततात, आणि नेमक्या त्याच सुमारास ‘विकणे आहे’च्या पाट्या दिसू लागतात. गाडी घरापासून इतक्या दूर का विकायची, असा प्रश्न पडेल. कारणं बहुतेक वेळा हौसेची नसतात. दोघांपैकी जो गाडी चालवायचा त्याची नजर अधू झालेली असते, कुणाचं हृदयाचं ऑपरेशन ठरलेलं असतं, कुणी एकटं उरलेलं असतं. दहा-अकरा मीटर लांबीचं धूड तीन हजारांहून जास्त किलोमीटर हाकत ओहायोला नेण्याची ताकद उरलेली नसते. किंवा ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकचा गिअरबॉक्स बसतो आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून ‘आता पुरे’ असं ठरतं. विमानाने घरी जायचं आणि गाडी इथेच कुणाला तरी देऊन टाकायची, हा विचार तिथे सुचतो. मग भाव पाडला जातो, आणि सगळे म्हणतात, परमुलखात अडलेल्या माणसाला एवढंच मिळायचं. अडला हरी गाढवाचे पाय धरी.

हे स्पष्टीकरण मला अपुरं वाटतं. गरजवंताला कमी भाव मिळतो हे खरं. पण क्वार्ट्झसाइटमध्ये किंवा फ्लोरिडात गिऱ्हाईक कमी असतं असं नाही. उलट आरव्ही घेऊ पाहणारी माणसं हिवाळ्यात जितकी तिथे भेटतील तितकी ओहायोतल्या एखाद्या उपनगरात भेटणार नाहीत. घराच्या अंगणात उभी असलेली तीच गाडी तिथे जास्त किमतीला जाते, याचं कारण बाजारात नाही, पुराव्यात आहे. घरी विकणाऱ्याचं घर दिसतं, शेजारी दिसतात, कपाटातून दुरुस्तीच्या पावत्यांची फाइल निघते, मालकीचा कागद बँकेच्या लॉकरमधून अर्ध्या तासात येतो. परमुलखात यातलं काही जवळ नसतं. म्हणून माझं म्हणणं असं की दूरच्या विक्रीत होणारं नुकसान हे अंतराचं नुकसान नसतं. गाडी एकीकडे आणि तिचा पुरावा दुसरीकडे, या ताटातुटीचं असतं. हे पटलं तर उपायही वेगळे सुचतात.

जुन्या गाडीच्या बाजाराचा हा स्वभाव अर्थशास्त्रात चांगलाच अभ्यासला गेला आहे. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७०मध्ये नेमक्या याच विषयावर एक निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा सोपा आहे. गाडीत काय दडलंय ते विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. मग घेणारा सरासरी अंदाज बांधतो आणि सरासरी भाव देतो. चांगल्या गाडीच्या मालकाला तो भाव परवडत नाही, म्हणून तो बाजारातून बाहेर पडतो. मागे उरलेल्या गाड्यांचा दर्जा आणखी घसरतो, आणि भावही. या कामासाठी ॲकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर २००१चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आता या चित्रात परराज्याची नंबरप्लेट लावलेली गाडी, महिनाअखेरीचं विमानाचं तिकीट काढून बसलेला मालक आणि ‘कागद घरी आहेत, पाठवून देतो’ हे वाक्य घाला. घेणाऱ्याने भाव पाडला तर तो लबाड ठरत नाही; त्याच्या जागी कुणीही तेच करेल. शिवाय फ्लोरिडात सप्टेंबर २०२२मध्ये इयान चक्रीवादळाने फोर्ट मायर्सच्या परिसराची काय अवस्था केली ते सगळ्यांनी पाहिलं आहे. पुरात बुडालेली गाडी धुऊनपुसून दुसऱ्या राज्यात विकण्याचा धंदा तिथे नवा नाही. टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, पुराचा किंवा भंगाराचा शिक्का पूर्वी कधी पडला होता का, हे तपासण्यासाठी देशभरची एक माहितीप्रणाली आहे. १९९२च्या वाहनचोरीविरोधी कायद्याने ती उभी करायला सांगितली. जाणता गिऱ्हाईक आधी तिथे गाडीचा चॅसी नंबर टाकून बघतो, मगच भावाचं बोलतो.

मोटारीपेक्षा आरव्हीत ही शंका जास्त रास्त आहे, कारण आरव्हीला खरा धोका इंजिनापेक्षा पाण्याचा असतो. छतावर रबरी पत्र्यासारखं आच्छादन असतं आणि त्यातून हवेचे झरोके, एसी, अँटेना वर आलेले असतात. प्रत्येक भोकाभोवती सीलंटची कड असते. ॲरिझोनाच्या उन्हात ही कड सुकते, भेगाळते, आणि पुढच्या पावसात पाणी गुपचूप आत शिरतं. बाहेरून गाडी चकचकीत दिसते. आत शिरून पलंगाच्या कोपऱ्याशी पायाने दाब दिला की फरशी किंचित दबते. तिथलं प्लायवुड कुजलेलं असतं. बाहेरच्या भिंतीवरून तिरप्या उजेडात नजर फिरवली तर फायबरग्लासला पोट आलेलं दिसतं, म्हणजे थर सुटले आहेत. कपाट उघडल्यावर बुरशीचा वास येतो. टायरचंही असंच. वर्षातले सहा महिने उभ्या असणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी नव्यासारखी राहते, पण रबर आतून वाळतं. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी कितीही खोल असो, जाणकार माणूस खाली वाकून आधी हे आकडे वाचतो आणि सहा-सात वर्षांपूर्वीचे असतील तर सगळ्या टायरांचे पैसे किमतीतून वजा करतो. जनरेटर किती तास चालला ते त्याच्या मीटरवर दिसतं. सहा हजार मैल फिरलेल्या गाडीचा जनरेटर दोन हजार तास चालला असेल तर ती गाडी फिरली कमी आणि नांदली जास्त, हे उघड होतं.

आता यावर विकणाऱ्याने काय करावं? ‘मी प्रामाणिक आहे’ असं सांगणं फुकट असतं, आणि फुकट असलेली गोष्ट लबाडही सांगू शकतो. इथे स्पेन्स यांचा विचार कामाला येतो. १९७३च्या आपल्या लेखात त्यांनी नोकरीच्या बाजाराबद्दल दाखवलं की खूण तीच खरी, जी खोट्या माणसाला परवडत नाही. गाडीच्या बाबतीत अशी खूण म्हणजे मालकाशी काही देणंघेणं नसलेल्या तपासनिसाचा लेखी अहवाल. अमेरिकेत आरव्ही तपासनिसांची एक राष्ट्रीय संघटना आहे. तिचे प्रमाणित तपासनीस छतावर चढतात, भिंतींत ओलावा मोजणारं यंत्र टेकवतात, गॅसच्या नळीची गळती तपासतात, इंजिन आणि जनरेटरच्या तेलाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवतात. हा खर्च सहसा घेणारा करतो. माझ्या मते परमुलखातल्या विकणाऱ्याने तो आपण होऊन करावा, आणि अहवालातले दोष न लपवता जाहिरातीतच द्यावेत. कुजलेल्या गाडीच्या मालकाला हे झेपणार नाही, म्हणूनच त्या कागदाला वजन येतं. मात्र एक अडचण मान्य करायला हवी. विकणाऱ्याने नेमलेल्या तपासनिसावर घेणाऱ्याने का विश्वास ठेवावा? ठेवू नये. म्हणून अहवालासोबत ‘तुमचा माणूस आणा, हवा तेवढा वेळ घ्या’ हे आमंत्रण असावं लागतं. ते स्वीकारलं गेलं नाही तरी दिलेलं असणं पुरतं.

आता कागदाकडे वळू, कारण खरी गोची तिथे होते. अमेरिकेत वाहनाच्या मालकीचा मुख्य दस्तऐवज म्हणजे टायटल, आणि तो केंद्र सरकार देत नाही, राज्य देतं. पन्नास राज्यांचे पन्नास कायदे. ओहायोत तर टायटल देण्याचं काम जिल्हा न्यायालयाच्या कारकुनाच्या कार्यालयातून चालतं. विक्री करताना टायटलच्या मागच्या बाजूला घेणाऱ्याचं नाव, पत्ता, किंमत आणि मीटरवरचे मैल लिहायचे आणि मग विकणाऱ्याने नोटरीसमोर सही करायची, असा तिथला नियम आहे. पेन्सिल्व्हेनिया आणि नॉर्थ कॅरोलायनातही सही नोटरीसमोर लागते. इतर बऱ्याच राज्यांत लागत नाही. कॅलिफोर्नियाहून आलेल्या गिऱ्हाइकाला हे माहीत नसतं. विकणाऱ्याने घाईत आधीच सही करून ठेवली, किंवा एखादा आकडा चुकला म्हणून खोडून वर दुसरा लिहिला, तर तो कागद वाया जातो आणि दुसरी प्रत मागवण्यात आठवडे जातात. घरी असलेल्या मुलीला ‘सही केलेलं टायटल कुरिअरने पाठव’ असं सांगणाऱ्यांना आणखी एक गोष्ट कळत नाही: घेणाऱ्याचं नाव रिकामं ठेवून सही केलेलं टायटल हातोहात फिरवणं बेकायदेशीर आहे, आणि शहाणा गिऱ्हाईक असा कागद पाहून काढता पाय घेतो. मूळ टायटल फक्त संगणकात, इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असेल तर कागदी प्रत मागवण्यापासून सुरुवात. टायटलवर नवराबायको दोघांची नावं असतील आणि बायको नातवंडांसाठी आधीच घरी गेली असेल, तर तिचं नोटरी केलेलं मुखत्यारपत्र हवं. काही राज्यांत दोन नावांच्या मध्ये ‘आणि’ आहे की ‘किंवा’ यावर एक सही पुरेल की दोन लागतील हे ठरतं. मीटरच्या आकड्याचं लेखी निवेदन द्यायचं की नाही, हा त्यातला आणखी एक फाटा: केंद्रीय नियमाप्रमाणे २०११पासूनच्या गाड्यांना ते वीस वर्षं लागतं, पण भारासह कमाल वजन सोळा हजार पौंडांहून जास्त असलेल्या वाहनांना सूट आहे. म्हणजे मोठं मोटरहोम त्यातून सुटतं आणि छोटी व्हॅन अडकते. नंबरप्लेटचा घोळ वेगळाच. ओहायो आणि ॲरिझोनात प्लेट मालकाकडे राहते, कॅलिफोर्नियात सहसा गाडीबरोबर जाते. तेव्हा विकल्यावर घेणाऱ्याने गाडी घरी न्यायची कशी, तात्पुरता परवाना कुठून काढायचा, हे सौद्याआधी ठरलेलं असावं लागतं.

यात कर्ज आलं की गुंता दुप्पट. करोनाच्या काळात अमेरिकेत आरव्हीची लाटच आली. विमानं, हॉटेलं बंद. लोकांनी चाकांवरची घरं घेतली. २०२१मध्ये कारखान्यांतून सहा लाखांहून जास्त आरव्ही बाहेर पडल्या, तो उच्चांक होता. व्याजदर चढल्यावर २०२३मध्ये हा आकडा ३ लाख १३ हजारांवर आला. लाटेत चढ्या भावाने घेतलेल्या गाड्यांवरची कर्जं दहा, पंधरा, कधी वीस वर्षांची आहेत, आणि गाडीची किंमत कर्जापेक्षा वेगाने उतरते. त्यामुळे आज विकायला निघालेल्या कित्येक मालकांना विक्रीतून येणाऱ्या पैशात कर्ज फिटत नाही. वरून खिशातले घालावे लागतात. आयकर खात्याची गंमत अशी की गाडीत झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासची सोय असेल तर कर्जावरच्या व्याजाच्या वजावटीसाठी ती घर ठरू शकते; पण विकताना मात्र ती वाहनच असते, आणि स्वतःच्या वापरातल्या वस्तूवरचा तोटा कुठेही वजा मिळत नाही. कर्ज असताना बहुतेक राज्यांत टायटल बँकेकडे किंवा बँकेच्या नावे नोंदलेलं असतं. घेणाऱ्याला पैसे आधी द्यावे लागतात आणि मालकीचा कागद नंतर मिळतो. अनोळखी माणसाच्या भरवशावर कोण असं करेल? त्यावर खरा उपाय एकच आहे. बँकेकडून ठरावीक दिवसांपर्यंतची पूर्ण थकबाकी लिहून घ्यायची आणि घेणाऱ्याने त्या रकमेचा धनादेश थेट बँकेला द्यायचा, उरलेली रक्कम मालकाला. बँकेची शाखा ॲरिझोनात असेल तर हे एका सकाळचं काम असतं. ओहायोतल्या एखाद्या गावापुरत्या पतसंस्थेचं कर्ज असेल तर ते पत्रव्यवहाराचं काम होतं. कर्ज घेताना कमी व्याजाकडे सगळे बघतात, शाखा कुठे कुठे आहेत हे कुणी बघत नाही.

पैसे घेण्याच्या बाबतीत थोडक्यात सांगण्यासारखं एकच आहे, पण ते नीट समजून घ्यायला हवं. बँकेने काढलेला कॅशियर्स चेक रोख रकमेसारखा मानला जातो, आणि म्हणूनच बनावट कॅशियर्स चेक हा तिथल्या ठगांचा आवडता प्रकार आहे. कायद्याप्रमाणे बँकेला असे पैसे सहसा एक-दोन दिवसांत खात्यात दाखवावे लागतात. चेक खोटा असल्याचं मात्र कधी कधी काही आठवड्यांनी उघड होतं, आणि तेव्हा बँक ती रक्कम खातेदाराकडूनच वसूल करते. ठग ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवतो आणि ‘वरचे पैसे गाडी नेणाऱ्या ट्रकवाल्याला द्या’ म्हणतो. केंद्रीय व्यापार आयोग अशा व्यवहारांबद्दल लोकांना वारंवार सावध करत आला आहे. परमुलखातल्या विकणाऱ्याने घेणाऱ्याबरोबर त्याच्या बँकेच्या शाखेत जावं आणि चेक समोर तयार होताना पाहावा. नोटरीही तिथे बहुधा मिळतो. दहा हजार डॉलरहून जास्त रोकड जमा केली तर बँक सरकारला त्याची माहिती कळवते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ती माहिती जाऊ नये म्हणून रक्कम तुकड्यातुकड्यांनी भरणं मात्र गुन्हा आहे.

एवढी कटकट कशाला, गाडी एखाद्या डीलरला देऊन मोकळं व्हावं, असं कुणी म्हणेल. आजारी माणसासाठी हा सल्ला अगदीच वाईट नाही. डीलर दोन दिवसांत चेक देतो, बँकेचं कर्ज स्वतः निस्तरतो, आणि त्याबदल्यात घाऊक भावापेक्षाही कमी किंमत देतो. तो फरक म्हणजे शंकेची, उभ्या गाडीच्या खर्चाची आणि नफ्याची एकत्रित किंमत. वेळ नसेल तर ती द्यावी. फक्त ती कशाबद्दल देतोय हे कळून द्यावी. दुसरा मार्ग म्हणजे गाडी डीलरच्या आवारात ठेवायची, विकली गेली की तो कमिशन कापून पैसे देतो. वरकरणी हा मधला मार्ग वाटतो, पण मला तो सगळ्यात धोक्याचा वाटतो. बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या व्यापारी संहितेचा नियम असा आहे की एखादी वस्तू त्याच वस्तूचा धंदा करणाऱ्याच्या ताब्यात दिली आणि त्याने ती नेहमीच्या गिऱ्हाइकाला विकली, तर त्या गिऱ्हाइकाची मालकी सहसा पक्की धरली जाते. म्हणजे डीलरने पैसे दिले नाहीत किंवा त्याचं दिवाळं निघालं, तरी तुमची गाडी परत येणार नाही. तुम्ही त्याच्या देणेकऱ्यांच्या रांगेत उभे राहाल. दोन हजार मैलांवरून त्या रांगेत उभं राहणं कठीण. हा मार्ग घ्यायचाच असेल तर पैसे वेगळ्या विश्वस्त खात्यात जमा होतील, विक्रीनंतर किती दिवसांत मिळतील आणि विमा कुणाचा, हे करारात लिहून घ्यावं. टायटल शेवटपर्यंत आपल्याकडे ठेवावं.

दुसरा आक्षेप असा येतो की आता सगळं फोनवर होतं. फोटो, व्हिडिओ, ऑनलाइन पैसे. मग मालकाने विमानाने घरी जाऊन तिथूनच सौदा का करू नये? उंटावरून शेळ्या हाकण्याचा हा प्रकार छोट्या वस्तूंना चालतो. फोटोत फरशी दबलेली दिसत नाही आणि बुरशीचा वास येत नाही, हे घेणारा जाणतो. म्हणून फोटो जितके सुंदर तितका तो सावध होतो. शिवाय टायर, बॅटरी, छत यांना देखभालीवाचून वाळवंटातला एक उन्हाळाही महागात पडतो. गाडी मागे ठेवून जायचीच असेल तर किल्ली आणि मुखत्यारपत्र अशा माणसाकडे असावं, ज्याला ती गाडी ठाऊक आहे. इथे एक गोष्ट माझ्या मताला छेद देते असं वाटेल. ज्या आरव्ही पार्कात माणूस दहा हिवाळे एकाच जागी राहिला, तिथे गाडी बहुतेक वेळा शेजाऱ्यालाच जाते, तीही अहवाल किंवा जाहिरातीशिवाय आणि रास्त भावात. पण ते पुराव्याशिवाय होत नाही. शेजाऱ्याने त्या मालकाला दरवर्षी छतावर चढून सीलंट लावताना पाहिलेलं असतं. दहा वर्षांचा तपासणी अहवाल त्याच्या डोळ्यांत असतो.

जुन्या, पाच-सहा हजार डॉलरच्या ट्रेलरला हे सगळं लागू होतं का? नाही. तपासणीचा खर्च किमतीच्या मानाने फार होतो, आणि एवढ्या जुन्या गाडीवर बँका कर्जही फारसं देत नाहीत, तेव्हा घेणारा रोखीतला असतो. ‘आहे त्या स्थितीत’ असं लिहिलेली विक्रीपावती, नोटरी, बँकेत मोजलेली रोकड, आणि विषय संपला. महागड्या डिझेल मोटरहोमला मात्र तपासणीवर खर्च केलेले हजार डॉलर पाचपटीने वसूल होऊ शकतात, असा माझा अंदाज आहे.

आता ज्यांना घरच नाही त्यांचं काय होतं ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत बारा महिने आरव्हीत राहणारे लोक आहेत. त्यांचा अधिकृत पत्ता बऱ्याचदा साउथ डकोटात, नाहीतर टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन गावी असतो. १९७८मध्ये स्थापन झालेल्या एस्केपीज या आरव्ही क्लबचं मुख्यालय तिथे आहे आणि सभासदांचं टपाल पुढे पाठवण्याची व्यवस्थाही. साउथ डकोटात तर एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवून अशा प्रवाशाला ड्रायव्हिंग लायसन्सपुरतं रहिवासी होता येतं. हे लोक जिथे विकतात तिथे ते परकेच असतात. तरीही त्यांची विक्री स्नोबर्डांच्या मानाने सुरळीत व्हावी असं तर्क सांगतो, कारण टायटल, पावत्या, विमा, सगळं त्यांच्याबरोबर गाडीतच फिरतं. अंतर हे खरं कारण असतं तर सगळ्यात जास्त नुकसान यांचं व्हायला हवं होतं.

विक्री झाल्यावरचा भाग आपल्याकडच्या वाचकाला जास्त ओळखीचा वाटेल. पुण्यात नोंदवलेली गाडी बंगळुरूत विकायची म्हटली की आरटीओचा ना-हरकत दाखला, फॉर्म २९, फॉर्म ३०, बँकेचा बोजा उतरवल्याचा फॉर्म ३५ ही मालिका सुरू होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५०प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि परराज्यात ४५ दिवसांत हस्तांतर कळवायचं असतं. कित्येक जण किल्ली देऊन, पैसे मोजून मोकळे होतात. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की गाडी पुढे कितीही हातांतून गेली असो, नोंदवहीत ज्याचं नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जाईल. अमेरिकेतही विकल्याची सूचना न दिलेल्या माणसाकडे टोलची, पार्किंगची आणि कधी त्याहून गंभीर बिलं येत राहतात. कॅलिफोर्नियात ही सूचना पाच दिवसांत द्यावी लागते, ॲरिझोनात दहा. कुठे द्यायची याचं उत्तर, गाडी जिथे उभी आहे ते राज्य असं नसतं, तर ज्या राज्याचं टायटल आहे ते. तुमचे कुणी नातेवाईक ऑक्टोबरमध्ये अशी गाडी घेऊन दक्षिणेला निघणार असतील तर त्यांना निघण्याआधीच सांगा: टायटलवर कुणाची नावं आहेत ते पाहा, कर्जाची शाखा कुठे आहे ते विचारा, पावत्यांची फाइल गाडीत ठेवा. आणि कधी तिथेच विकायची वेळ आली तर हस्तांतराची पोच हातात आल्यावरच विमा रद्द करा.